स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनला ३६५ टेबलबेस सापडतात, तरी पाच सोंगट्यांच्या स्थितीत काहीच लागत नाही

तिरका_उंट
विंडोज ६४-बिट, स्टॉकफिशची अलीकडची आवृत्ती. सिझिजी टेबलबेस (कमी सोंगट्यांच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) ३ ते ६ सोंगट्यांचे, राजे धरून, सगळे उतरवलेत. सिझिजीपाथमध्ये (टेबलबेसचा पत्ता द्यायची सेटिंग) दोन फोल्डर दिलेत, मध्ये अर्धविराम: सी ड्राइव्हवर ३-४-५, डी ड्राइव्हवर ६. इंजिन सुरू होताना "३६५ डब्ल्यूडीएल आणि ३६५ डीटीझेड फायली, ६ सोंगट्यांपर्यंत" अशा अर्थाची ओळ येते (डब्ल्यूडीएल म्हणजे विजय-बरोबरी-हार, डीटीझेड म्हणजे पुढच्या मार किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर). तरीही हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती या स्थितीत टीबीहिट्स (टेबलबेसमधून मिळालेल्या निकालांची संख्या) जवळजवळ शून्य. वजीर-प्यादं विरुद्ध वजीर-प्यादं मांडलं तर कधी वाढतात, कधी नाही. आणि एका सहा सोंगट्यांच्या स्थितीत इंजिन चक्क बंद पडतं. टेबल कधी विचारायचं ते ठरवणाऱ्या सेटिंग, प्रोबडेप्थ १ आणि प्रोबलिमिट ७, दोन्ही मुळात होत्या तशाच ठेवल्यात. हॅश (इंजिनला शोधासाठी दिलेली मेमरी) वाढवून पाहिला, फरक नाही.

अडीचघरं
हॅशचा इथे काही संबंध नाही. उत्तर त्या ३६५ मध्येच आहे. ३ ते ५ सोंगट्यांच्या डब्ल्यूडीएल फायली १४५, फक्त ६ सोंगट्यांच्या ३६५, बेरीज ५१०. म्हणजे तुमचं सी ड्राइव्हवरचं फोल्डर वाचलंच जात नाहीये.

स्टॉकफिश उपफोल्डरमध्ये शिरत नाही. झिप उघडताना बहुधा फोल्डरच्या आत त्याच नावाचं दुसरं फोल्डर झालं असेल, किंवा डब्ल्यूडीएल आणि डीटीझेड आत वेगवेगळे ठेवले असतील. एक्सप्लोररमध्ये उघडल्यावर डब्ल्यूडीएलच्या आरटीबीडब्ल्यू फायली थेट दिसतात त्याच फोल्डरचा पत्ता द्या. डीटीझेडच्या आरटीबीझेड फायली वेगळ्या जागी असतील तर तोही पत्ता अर्धविराम देऊन जोडा. इंजिन प्रत्येक फाइल सगळ्या पत्त्यांवर शोधतं. पत्त्याला अवतरणचिन्हं लावू नका, ती पत्त्याचाच भाग धरली जातात. फोल्डरची नावं साध्या इंग्रजी अक्षरांतच ठेवा, देवनागरी नावांवर गाडी अडू शकते.

सहाचं "कधी लागतं, कधी नाही" हेही त्यातूनच येतं. सहा सोंगट्यांच्या स्थितीचा निकाल देण्याआधी इंजिन तिथल्या मारांच्या चाली तपासतं, आणि मार झाली की सोंगट्या पाच उरतात. पाचचं टेबल नसलं की सहाचा निकालही टाकून दिला जातो. मार नसलेल्या स्थिती तेवढ्या सुटतात.

आठवी_रांग
वर सांगितलेलं बरोबर, पण इंजिन बंद पडणं हा वेगळा दोष आहे. एखादी फाइल अर्धवट उतरली असणार. सुरुवातीला इंजिन फाइल आहे की नाही एवढंच पाहतं. आतला मजकूर त्या टेबलची पहिल्यांदा गरज पडते तेव्हा उघडतं. म्हणून मोजणी पूर्ण येते आणि ठरावीक स्थितीतच दगा होतो. बंद पडताना ते फाइल खराब असल्याचं नावानिशी सांगतं, पण जीयूआय (पट दाखवणारा प्रोग्राम, ज्यातून इंजिन चालवतात) बहुतेकदा तो संदेश गिळून टाकतं. इंजिन थेट कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवून तीच स्थिती द्या, नाव दिसेल.

ताडून पाहायला सोपा उपाय: फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या ('डिस्कवरचा आकार' नव्हे, खरा आकार) आणि ६४ ने भागा. बाकी १६ यायलाच हवी. स्टॉकफिश स्वतः हेच तपासतं. यात तुटलेली फाइल सहसा पकडली जाते, आतला बिघडलेला बाइट मात्र नाही. त्यासाठी एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तपासणी-खूण) जुळवा. सहाचा संच सुमारे १५० जीबी आहे, तेव्हा सगळा पुन्हा उतरवण्याआधी हे कराच.

तिरका_उंट
आत खरंच दुसरं फोल्डर होतं. आता ५१० येतात. खराब फाइलही सापडली, बाकी १६ येत नव्हती; ती पुन्हा उतरवली. एकच शंका: पांढरा राजा ई१, हत्ती एच१, काळा राजा ई८, चाल पांढऱ्याची. टीबीहिट्स १४ वर जातात आणि तिथेच थांबतात. आणि गुण आधी २०० च्या आसपास दाखवतं, किती चालींत मात ते लगेच नाही. अजून काही राहिलंय का?

अडीचघरं
काही राहिलं नाही. त्या स्थितीत राजाच्या ५ आणि हत्तीच्या ९, मिळून १४ चाली आहेत. मांडलेल्या स्थितीलाच डीटीझेड सापडला की इंजिन प्रत्येक चालीचा निकाल एकदा बघतं आणि पुढच्या शोधात टेबल विचारत नाही. आकडा अडकलेला दिसतो तो त्यामुळे. फक्त ही स्थिती मांडताना कॅसलिंगची खूण काढलेली असू द्या. ती राहिली तर इंजिन मूळ स्थितीसाठी टेबल उघडतच नाही.

२०० म्हणजे "टेबलनुसार जिंकलेलं". सिझिजीत मातेपर्यंतचं अंतर साठवलेलं नसतं. डीटीझेड पुढची मार किंवा प्याद्याची चाल किती लांब आहे ते मोजतो, कारण खरा अडसर पन्नास चालींच्या नियमाचा असतो. मातेचा आकडा शोध स्वतः तिथवर पोचला की येतो.

आठवी_रांग
कमांड प्रॉम्प्टमध्ये स्थिती देऊन नुसतं 'डी' टाइप केलंत तर शेवटी डब्ल्यूडीएल आणि डीटीझेडच्या दोन ओळी येतात. इथे डब्ल्यूडीएल २ दिसायला हवा, म्हणजे चाल असलेल्याचा विजय. शेजारी कंसात ० असेल तर टेबल वाचता आलेलं नाही, कंसाबाहेरचा आकडा काहीही असो.

आणि सहाचा संच फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर डब्ल्यूडीएल तेवढा एसएसडीवर हलवा, सुमारे ६८ जीबी. शोधात सतत तोच लागतो. डीटीझेड हार्ड डिस्कवर राहिला तरी चालतं.