विषय: ब्रॅकेट पूल: «गाठ पडली तर» चे पाच प्रश्न, बुधवार रात्रीपर्यंत पक्के करायचेत

मंदार, सोमवार १७ मार्च २०२५, रात्री ९:१२

मंडळी,

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या (एनसीएए, पुरुष) स्पर्धेचा आपला पूल, म्हणजे निकाल ओळखायचा खेळ. स्पर्धेत हरली ती टीम बाद. मुख्य ब्रॅकेट (कोण कुणाला हरवेल याचा सबंध तक्ता) नेहमीचंच. फेरीगणिक १-२-४-८-१६-३२, एकूण १९२ गुण. गेल्या वर्षीचं एक्सेल वापरणार नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. फॉर्म गुरुवारी दुपारी बरोबर १२ वाजता बंद. लुईव्हिल–क्रेटन १२:१५ ला आहे, त्यामुळे «पाचच मिनिटं दे रे» चालणार नाही.

अडकलंय ते बोनसवर. कुणाची गाठ पडू शकते आणि पडली तर कोण जिंकेल, असे पाच प्रश्न घालायचेत. माझी यादी:

१. फ्लोरिडा – यूकॉन (वेस्ट विभाग, दुसरी फेरी)
२. सेंट जॉन्स – आर्कान्सॉ (वेस्ट, दुसरी फेरी)
३. ह्यूस्टन – पर्ड्यू (मिडवेस्ट, स्वीट सिक्स्टीन म्हणजे शेवटच्या सोळांची फेरी, इथेच इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमला)
४. टेनेसी – केंटकी (मिडवेस्ट, स्वीट सिक्स्टीन)
५. ड्यूक – अ‍ॅरिझोना (ईस्ट, स्वीट सिक्स्टीन)

प्रश्न एवढाच, की गाठ पडलीच नाही तर त्या प्रश्नाचं काय करायचं? मी म्हणतो रद्द.

मंदार

अनघा, सोमवार, रात्री १०:०५

यादी चांगली आहे, पण पाचव्याच्या जागी ऑबर्न – लुईव्हिल घे. ऑबर्न सबंध स्पर्धेतला पहिला सीड (सीड म्हणजे निवड कमिटीने दिलेलं मानांकन, प्रत्येक विभागात १ ते १६), आणि दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ लुईव्हिलशी पडू शकते, तीही लेक्सिंग्टनमध्ये. लुईव्हिलहून गाडीने सव्वा तास. पहिल्या सीडला हे बक्षीस! त्यात मजा अशी, की तिथलं मैदान, रप अरीना, केंटकीचं घर. केंटकीवाले ऑबर्नच्या बाजूने ओरडतील की लुईव्हिलच्या, हाच खरा बोनस प्रश्न.

टेनेसी – केंटकी मात्र काढू नकोस. एकाच कॉन्फरन्सच्या (हंगामातल्या लीगच्या) दोन टीम हंगामात तीन किंवा जास्त वेळा खेळल्या असतील तर रीजनल फायनलच्या (विभागाच्या अंतिम सामन्याच्या) आधी समोरासमोर ठेवत नाहीत. दोनदा खेळल्या असतील तर स्वीट सिक्स्टीनच्या आधी नाही. एकदाच असेल तर दुसरी फेरीसुद्धा चालते. हे दोघे दोनदा खेळले, केंटकी दोन्ही वेळा जिंकलं (नॉक्सव्हिलला ७८–७३, लेक्सिंग्टनला ७५–६४). म्हणजे नियमाने जितक्या लवकर गाठ पडू शकते तितक्या लवकर ठेवलीय. एसईसीच्या, म्हणजे यांच्या कॉन्फरन्सच्या, यंदा १४ टीम आहेत, हा विक्रम आहे. अशा जोड्या टाळायला जागाच उरली नाही.

पहिल्या प्रश्नातही तेच बघ. यूकॉन हरलं तर फ्लोरिडासमोर ओक्लाहोमा येईल. तेही एसईसीचेच, पण यंदा एकदाच खेळलेत म्हणून चाललं.

अनघा

शिरीषकाका, मंगळवार १८ मार्च, सकाळी ६:४०

मंदार,

«रद्द» म्हणजे नेमकं काय? पाचातले तीन रद्द झाले तर बोनस दोन प्रश्नांचा राहील. मग पाच कशाला लिहायचे? ज्याने पर्ड्यू पहिल्याच फेरीत बाद होणार हे ओळखलं, त्याला त्याचं काहीच मिळायला नको? तिसरा पर्याय द्या: «गाठ पडणार नाही». नियमांचा कागद माझ्याकडे आहे, त्यात काहीही बदललं तर आधी मला पाठवायचं, हे ठरलेलं आहे.

दुसरं, पूलचे पैसे मंडळाच्या खात्यातून जाणार नाहीत. प्रवेश फुकट, बक्षीस श्रीखंडाचा डबा. ही चर्चा पुन्हा नको.

शिरीष

केदार, मंगळवार, सकाळी ८:५५

अनघाचं बरोबर आहे, फक्त काढायचं तर ड्यूक नाही, पर्ड्यू काढा. चौथा सीड आहे, हाय पॉइंटला हरवून मग क्लेमसन किंवा मॅकनीज. बाराव्या सीडने पाचव्याला १९८५ पासून १५६ पैकी ५५ वेळा पाडलंय, आणि मॅकनीज त्यातलं दिसतंय. म्हणजे समोर कोण येणार हेच ठरलेलं नाही. इंडियानापोलिसला ते पोचतील तेव्हा बघू.

ह्यूस्टन – गॉन्झागा घाला. दुसरी फेरी, विचिटा. गॉन्झागाला आठवा सीड देणं हा कमिटीचा विनोद आहे. सलग नऊ स्पर्धांत स्वीट सिक्स्टीन गाठलेली टीम पहिल्या सीडच्या वाटेत.

केदार

मंदार, मंगळवार, सकाळी ९:२०

केदार, ब्लूमिंग्टनचं (तुमच्या इंडियाना युनिव्हर्सिटीचं) नाव यंदा स्पर्धेच्या यादीतच नाही म्हणून पर्ड्यूचंही काढायचं असं थोडंच असतं? आणि आज तर तुम्हाला नवा कोचही मिळालाय.

ह्यूस्टन – पर्ड्यू हवंच, आणि ते गावासाठी नाही, खेळासाठी. पर्ड्यूचं सगळं आक्रमण ब्रेडन स्मिथ आणि ट्रे कॉफमन-रेन यांच्या पिक-अँड-रोलवर (एकाने स्क्रीन लावायची, म्हणजे आडवं उभं राहून चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, आणि मग रिंगकडे वळायचं). ह्यूस्टन स्क्रीन आली की चेंडूवाल्यावर दोघं सोडतं. म्हणजे स्मिथला चेंडू लवकर सोडावा लागणार, आणि कॉफमन-रेनला फ्री थ्रो लाइनपाशी चेंडू मिळून पुढे चौघांसमोर तिघंच उरणार. तिथून तो कोपऱ्यात लॉयरला पास देतो की स्वतः घुसतो, यावर मॅच. त्याउलट ह्यूस्टनचे चुकलेले शॉट परत त्यांच्याच हातात जातात, आणि उंच सेंटर झॅक एडी गेल्यापासून रिंगपाशी पर्ड्यूकडे उंची नाही.

शिवाय ह्यूस्टनचे कोच केल्विन सॅम्पसन २००६ ते २००८ इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच होते आणि कसे गेले ते केदारला विचारा. त्या रात्री लुकास ऑइलमध्ये त्यांच्यावर ओरडायला दोन्ही गावं (इंडियानाचं आणि पर्ड्यूचं) एकत्र येतील.

मंदार

केदार, मंगळवार, सकाळी ९:३१

सॅम्पसनच्या बाबतीत सहमत. बाकीच्यात नाही.

मेधाताई, मंगळवार, सकाळी ११:१५

मंडळी, या धाग्यात मला रस नव्हता, पण «लुकास ऑइल» वाचलं आणि कॅलेंडर उघडलं.

पाडवा ३० मार्चला, रविवारी आहे. हॉल १० ते ४. गुढी साडेदहाला, जेवण साडेबाराला, आवराआवर ३ वाजता. मिडवेस्टची फायनल त्याच दिवशी डाउनटाउनला आहे ना? टेबलं लावणाऱ्यांच्या यादीत नऊ जण आहेत, त्यातले सहा पर्ड्यूचे. तुमची ही «गाठ» पडली आणि पर्ड्यू पुढे गेलं, तर पुऱ्या कोण तळणार? आणि प्रोजेक्टर मुलांच्या कार्यक्रमासाठी आहे, हे आत्ताच लिहून ठेवते.

मेधा

मंदार, मंगळवार, दुपारी १२:०२

मेधाताई, नीट सांगतो.

पर्ड्यूचे पहिले दोन सामने प्रॉव्हिडन्सला, गुरुवारी २० आणि जिंकले तर शनिवारी २२. स्वीट सिक्स्टीन इथे शुक्रवारी २८ ला रात्री. ती जिंकली तरच रविवारी ३० ला फायनल. रविवारी दोनच सामने आहेत, मिडवेस्ट आणि साउथचे. पहिला साधारण सव्वादोनच्या पुढे, दुसरा पाचच्या सुमारास. कोणता आधी ते शुक्रवारी रात्रीचे सामने संपल्याशिवाय कळत नाही. पहिला ठरला तर आवराआवरीच्या वेळेलाच येणार. दुसरा ठरला तर काहीच अडचण नाही. हॉल कार्मेलला असल्याने डाउनटाउनच्या पार्किंगचा त्रास आपल्याला नाही, फक्त तिकिटं काढलेल्यांना आहे.

मंदार

विद्या, मंगळवार, दुपारी १:४०

पाडवा शनिवारी का नाही करत? ईस्ट आणि वेस्टच्या फायनल शनिवारी संध्याकाळी सहानंतर आहेत, दिवस मोकळा.

मेधाताई, मंगळवार, दुपारी १:५२

शनिवारी हॉल मिळाला असता तर विचारलंच नसतं. आणि पाडवा रविवारी आलाय तो बऱ्याच वर्षांनी, तो सोडायचा नाही. हा विषय बंद.

अनघा, मंगळवार, दुपारी २:१०

अवांतर: ईस्टमध्ये बीवाययू (ब्रिगम यंग, मॉर्मन चर्चची युनिव्हर्सिटी) आहे. ते रविवारी खेळत नाहीत, म्हणून त्यांना गुरुवार-शनिवारच्याच गटात ठेवावं लागतं, रीजनलसुद्धा. डेन्व्हर आणि मग नेवार्क, दोन्ही तसेच. त्यांना रविवार चालत नाही, आपल्याला रविवारच हवा.

आता मुद्दा. काकांचा तिसरा पर्याय मला पटतो, पण सरसकट गुण ठेवले तर फसेल. गाठ पडायला दोन्ही टीमना जिंकावं लागतं, आणि शक्यता गुणली की झपाट्याने उतरते. पंधराव्या सीडने दुसऱ्याला १५६ पैकी फक्त ११ वेळा हरवलंय, म्हणून सेंट जॉन्सचं पुढे जाणं जवळपास धरून चला. पण आर्कान्सॉसमोर कॅन्सस आहे, आणि पारडं कॅन्ससचं जड आहे. म्हणजे गाठ पडण्याची शक्यता माझ्या अंदाजाने ३५ टक्के.

स्वीट सिक्स्टीनची गाठ म्हटली की चार सामने हवे तसे लागायला हवेत. माझे अंदाज: ह्यूस्टन – पर्ड्यू ३० टक्के, टेनेसी – केंटकी २५. केंटकीचा जॅक्सन रॉबिन्सन हंगामाबाहेर गेलाय, त्यामुळे खरं तर त्याहून कमी. फ्लोरिडा – यूकॉन ५५, कारण फ्लोरिडाची पहिली मॅच सोळाव्या सीडशी आहे. ऑबर्न – लुईव्हिल निम्मे.

सगळीकडे एकच गुण ठेवला तर शहाणा माणूस स्वीट सिक्स्टीनच्या प्रश्नांवर डोळे मिटून «पडणार नाही» मारेल. म्हणून «पडणार नाही» ला १ आणि योग्य विजेत्याला: फ्लोरिडा – यूकॉन १, ऑबर्न – लुईव्हिल १, सेंट जॉन्स – आर्कान्सॉ ३, ह्यूस्टन – पर्ड्यू ३, टेनेसी – केंटकी ५. ह्यूस्टनचं करून बघा: गाठ ०.३०, त्यात ह्यूस्टन जिंकायची ०.७०, म्हणजे ०.२१. तिनाने गुणलं की ०.६३. «पडणार नाही» चे ०.७०. जवळपास सारखं, म्हणून विचार करावा लागेल.

अनघा

शिरीषकाका, मंगळवार, दुपारी ३:३०

कॅन्सस जिंकून सेंट जॉन्ससमोर आलं तर? फॉर्मवर «आर्कान्सॉ» लिहिलंय. «पडणार नाही» बरोबर धरायचं ना? स्पष्ट लिहा, नाहीतर गेल्या वेळसारखं होईल.

आणि दुबळ्या टीमचा विजय ओळखला तर जास्त गुण नकोत का?

अनघा, मंगळवार, दुपारी ३:४४

हो, दोन्ही नावं जशीच्या तशी समोर आली तरच गाठ. दुबळ्याला जास्त गुण देता येतील, पण मग परत एक्सेल.

विद्या, मंगळवार, संध्याकाळी ५:०५

कॅन्ससला इतकं सहज बाजूला सारू नका. पिटिनो (सेंट जॉन्सचे कोच) आणि कॅलिपारी (आर्कान्सॉचे) ही नावं मोठी आहेत खरी. दोघांनी केंटकीला विजेतेपद दिलं, १९९६ आणि २०१२. स्पर्धेतही त्यांच्या गाठी पडल्यात, १९९६ आणि २०१२ च्या फायनल फोरमध्ये (शेवटच्या चौघांत), आणि २०१४ ला स्वीट सिक्स्टीन तर इथेच लुकास ऑइलला, कॅलिपारींचं केंटकी ७४–६९ ने जिंकलं. पण कॅन्ससचे कोच सेल्फ आणि कॅलिपारी दोनदा थेट फायनलला भिडलेत. २००८ ला कॅन्ससने मेम्फिसला (तेव्हाची कॅलिपारींची टीम) ओव्हरटाइममध्ये ७५–६८ हरवलं, २०१२ ला केंटकीने परतफेड केली, ६७–५९. म्हणजे खरी गाठ पहिल्याच फेरीत पडलीय, आणि तुमच्या बोनसमध्ये ती नाही.

शिवाय हे सगळं प्रॉव्हिडन्सला, जिथल्या कॉलेजला पिटिनोंनी १९८७ ला फायनल फोरला नेलं होतं. प्रेक्षक त्यांना टाळ्या देतील की सेंट जॉन्स बिग ईस्टचे म्हणून शिव्या, सांगता येत नाही.

केदार, मंगळवार, संध्याकाळी ५:२०

विद्या, पहिली फेरी मुख्य ब्रॅकेटमध्येच आहे, तिथे १ गुण मिळतो. बोनस «पडली तर» चा आहे. जी पडलीच आहे ती कशी घालणार?

आणि फ्लोरिडा – यूकॉनबद्दल कुणी बोलतच नाही. यूकॉन दोन वर्षांचे विजेते. त्यांच्याआधी लागोपाठ दोनदा जिंकलेली शेवटची टीम कोणती? फ्लोरिडाच, २००६ आणि २००७. सलग तिसरं विजेतेपद यूसीएलएनंतर कुणाला जमलेलं नाही. फ्लोरिडाने ते रोखलं तर स्वतःची जुनी बरोबरी राखली म्हणायचं. मी यूकॉन टाकतोय. कोच हर्लीची टीम यंदा डिफेन्समध्ये ढिली आहे हे माहीत असूनही.

मंदार, बुधवार १९ मार्च, रात्री ११:४८

अंतिम. काकांना कागद पाठवलाय, त्यांचा होकार आलाय.

१. पाच प्रश्न: फ्लोरिडा – यूकॉन, ऑबर्न – लुईव्हिल, सेंट जॉन्स – आर्कान्सॉ, ह्यूस्टन – पर्ड्यू, टेनेसी – केंटकी. ड्यूक – अ‍ॅरिझोना गेलं. आता अ‍ॅरिझोनात असलेल्या केलेब लव्हने २०२२ ला नॉर्थ कॅरोलिनाकडून ड्यूकचं काय केलं ते आठवून वाईट वाटतंय, पण सहा प्रश्न नाहीत.

२. गुण अनघाने दिले तसेच. बोनस जास्तीत जास्त १३. बरोबरी झाली तर फायनलचा एकूण स्कोअर.

३. डेटनचे (शेवटच्या चार जागा ठरवणारे) चारही सामने झाले. अकराव्या सीडच्या जागी नॉर्थ कॅरोलिना आणि झेवियर, सोळाव्याच्या जागी अलाबामा स्टेट आणि माउंट सेंट मेरीज. ज्यांनी मंगळवारीच फॉर्म भरला, त्यांचा «टेक्सस/झेवियर» खाना आपोआप झेवियर धरला जाईल. परत भरू नका. दोनदा भरलात तर शेवटचा धरेन.

४. फॉर्म आपोआप बंद होत नाही, मी हाताने बंद करतो. १२ म्हणजे १२. पर्ड्यू १२:४० ला आहे, त्यानंतर मला फोन करू नका.

मेधाताई, गुरुवार २० मार्च, सकाळी ७:०५

भरला. पर्ड्यूला «पडणार नाही» टाकलंय, मनापासून.

मंदार, तुझ्या सहा जणांपैकी चौघांची नावं शुक्रवारपर्यंत दे, बाकी दोघांच्या जागी मी दुसरे बघते. पुऱ्यांची कणीक सकाळी साडेनऊला मळायला घ्यायची आहे.