जीपीए ३.६ असला तरी कोअर कोर्सेस तपासा

अमेरिकेतल्या एका आईने लिहिलंय, 'लेक दहावीत आहे, टेनिस खेळते, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.६, मग डिव्हिजन १ (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा स्तर) ची चिंता नाही.' इथेच घोळ होतो. एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था, मार्कशीटवरचा जीपीए बघत नाही, फक्त १६ कोअर कोर्सेसचा (इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांचा) वेगळा काढते. तो किमान २.३ हवा. पीई (शारीरिक शिक्षण), हेल्थमधले 'ए' त्यात धरत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. बारावी सुरू होण्याआधी १६ पैकी १० कोर्स पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. बारावीत अल्जेब्रा पुन्हा करून 'सी'चा 'बी' केला तरी पात्रतेसाठी उपयोग शून्य! सुधारायचंच असेल तर अकरावीनंतरची उन्हाळी सुट्टी ही शेवटची संधी.

तुमच्या शाळेच्या मान्य कोर्सेसची यादी एनसीएएच्या साइटवर मिळते, विषय निवडण्याआधी ती काउन्सेलरसोबत बघाच. ऑनलाइन कोर्स घेताना तर नक्कीच. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट मात्र २०२३ मध्ये गेली.

आणि कोचचं उत्तर आलं नाही म्हणून लेकीला खट्टू होऊ देऊ नका. टेनिसमध्ये दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन १ च्या कोचला भरतीबद्दल लिहिताच येत नाही. तिने ईमेल आणि व्हिडिओ आधी पाठवायला काहीच हरकत नाही.