पार्वो झालेल्या पिल्लाला इंटरफेरॉन द्यावं का?

प्रश्न (चिंगीची ताई):
आमची चिंगी, कुत्र्याचं गावठी पिल्लू, अडीच महिन्यांची आहे, वजन ४ किलो. काल दुपारपासून उलट्या, आज पहाटे रक्ताचे जुलाब. तपासणीच्या किटवर पार्वो विषाणूची रेघ उमटली. लशीचा एकच डोस झालाय. दवाखान्यात सलाईन सुरू आहे. भाऊ जर्मनीत असतो. तो म्हणतो, तिकडे इंटरफेरॉनची इंजेक्शनं देतात, पाठवू का? खरंच उपयोग होतो का?

उत्तर (पशुवैद्य, २२ वर्षं प्रॅक्टिस):
ताई, भाऊ बरोबर सांगतोय, पण आधी एक ऐका: औषधाची वाट बघत सलाईन थांबवू नका.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. ते विषाणूला मारत नाही, शेजारच्या पेशींना सावध करतं. मग त्या आपल्या आत विषाणूच्या नव्या प्रती तयार होऊ देत नाहीत. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना हे कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पडद्यावर काम करताना सापडलं. तुमचा भाऊ म्हणतो ते मांजराचं इंटरफेरॉन ओमेगा. ते रेशीमकिड्याच्या अळ्यांमध्ये तयार करतात आणि कुत्र्यालाही चालतं.

पार्वो झालेल्या ९२ कुत्र्यांवरची चाचणी २००३ साली छापून आली. कुणाला औषध, कुणाला औषध नसलेलं इंजेक्शन, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. शिरेतून, किलोला २५ लाख युनिट, रोज एकदा, तीन दिवस. औषधवाल्या ४३ पैकी ३ दगावली, बाकीच्या ४९ पैकी १४. मोठा फरक आहे हा. पण सलाईन वगैरे नेहमीचे उपचार दोन्हीकडच्या प्रत्येक कुत्र्याला मिळत होते. मला त्या चाचणीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

चिंगीच्या वजनाला रोज १ कोटी युनिट लागतील. औषध थंड ठेवूनच आणावं लागतं. जर्मनीहून पोचेपर्यंत किती दिवस जातील? पार्वोत पिल्लू जातं ते बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत. पार्वो आतड्याच्या आणि हाडातल्या मज्जेच्या भराभर वाढणाऱ्या पेशी खातो. म्हणून पाणी जातं, पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. त्यावर सलाईन, अँटिबायोटिक, उलटी थांबवणारं इंजेक्शन, साखर आणि अंगाला ऊब हेच हातात आहे. माझ्याकडे ओमेगा कधीच नव्हतं. तरी पहिल्या दिवशी आलेली बरीच पिल्लं याच्यावर उठली.

हिरडीवर बोट दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

चिंगीची ताई:
दाबून पाहिलं, तीन मोजावे लागले. डॉक्टरांनी सलाईन वाढवलं. भावाला नको म्हणून कळवलं. माणसाचं इंटरफेरॉन इथल्या मेडिकलमध्ये मिळतं म्हणे, ते चालेल?

पशुवैद्य:
मी देणार नाही. वरची चाचणी ओमेगाची आहे, तिचे आकडे त्या इंजेक्शनला लावता येत नाहीत. तेच पैसे आणखी दोन रात्री दवाखान्यात ठेवायला वापरा.

दुसरं उत्तर (भटक्या कुत्र्यांची सेवा करणारी):
जुलाब पडलेली फरशी आधी धुवा, मग पाण्यात ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. फिनेलवर भरवसा ठेवू नका. घरात दुसरं पिल्लू असेल तर त्याची लस बघा. आमच्याकडे एकामागून एक तीन गेली होती.

चिंगीची ताई (तिसरा दिवस):
रात्रीपासून उलटी नाही. आत्ता तिने माझ्या बोटावरची पेज चाटली, चमचाभर. शेपूट हलली.

पशुवैद्य:
तासाभराने पुन्हा एक चमचा. जास्त मागितली तरी देऊ नका, आणि सलाईनची सुई आज काढू देऊ नका.