पांडुरंग सांगवीचाच
कुणीतरी म्हटलंय की भालचंद्र नेमाडे म्हणजे पुण्याच्या होस्टेलचे लेखक. मला हे मुळीच पटत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या सांगवीत १९३८ साली त्यांचा जन्म, आणि त्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ ची, म्हणजे वय अवघं पंचविशीचं. नायकाचं नावच पांडुरंग सांगवीकर! होस्टेल आहेच, पण त्याची धाकटी बहीण मनी मरते ती पानं गावातल्या घराची आहेत. मी केळीच्या बागांत वाढले; ती वाक्यं मला आमच्या ओट्यावरच्या बोलण्यासारखी ऐकू येतात. पुढे 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांमधला नायक चांगदेव प्राध्यापकी करत गावं बदलत राहतो. नेमाडेंनीही धुळ्याला, औरंगाबादला शिकवलं. २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. 'कोसला' एकदा मोठ्यानं वाचून बघा.