बोनात्ती की एलेना? ग्रां कोल फेरे खिंडीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम कुठे करावा?

प्रश्न – गोदाकाठ

सप्रेम नमस्कार. येत्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी (वय ६१) आणि माझी पत्नी (वय ५७) मों ब्लां पर्वतसमूहाभोवतीच्या प्रदक्षिणेचा इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये जाणारा टप्पा चालणार आहोत. मुलगा म्युनिकला असतो. तो इटलीतील कुरमायोर गावापर्यंत सोबत येईल आणि पुढे आम्ही दोघेच असू. नाशिकचे असल्यामुळे कळसूबाई, साल्हेर, हरिहर हे आमचे नेहमीचे, पण बर्फाळ पर्वतांत आम्ही कधीच चाललेलो नाही.

बोनात्ती रिफुजिओत (डोंगरातील मुक्कामाच्या निवासात) रात्र काढून दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमधील ला फुली गावाला उतरावे, असे बहुतेक प्रवासवर्णनांतून दिसते. नकाशात मात्र खिंडीच्या अगदी पायथ्याशी एलेना नावाचे दुसरे रिफुजिओ आहे. पत्नीचा उजवा गुडघा लांब उतारावर कुरकुरतो, हे लक्षात घेऊन मुक्काम कुठे करावा? खिंडीत बर्फ असेल का? सरहद्दीवर पारपत्र दाखवावे लागते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – झुरिककर

मी ही वाट दोनदा चाललो आहे आणि माझे मत बोनात्तीच्या बाजूने आहे. हे रिफुजिओ २०२५ मीटरवर आहे, म्हणजे झोपायची खाटच कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्याहून जवळपास पावणेचारशे मीटर उंच. समोर दरीपलीकडे ग्रांद जोरासची ४२०८ मीटरची भिंत उभी असते आणि संध्याकाळी तिच्यावर ऊन रेंगाळते. ज्या वॉल्टर बोनात्तींचे नाव या वास्तूला दिले आहे, ते १९५४ च्या इटालियन के-२ मोहिमेतील सर्वांत तरुण गिर्यारोहक होते आणि हुंझाच्या अमीर मेहदींसह त्यांनी आठ हजार मीटरच्या वर, तंबूशिवाय, उघड्या बर्फात एक रात्र काढली होती. शिखराचा मान इतरांना मिळाला, मेहदींनी पायाची बोटे गमावली, आणि त्या रात्रीवरचा वाद पुढे अर्धे शतक चालला. त्या नावाच्या छपराखाली गरम सूप पिताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

वाटेचे स्वरूप असे आहे की बोनात्तीहून ती प्रथम डोंगराच्या कडेने आडवी जाते, मग आर्नुवाला दरीच्या तळाशी १७६९ मीटरपर्यंत उतरते, तेथून एलेनापर्यंत (२०६२ मीटर) चढते आणि शेवटी २५३७ मीटरवरच्या खिंडीत पोहोचते. म्हणजे आर्नुवापासूनचा सलग चढ सुमारे पावणेआठशे मीटरचा आहे. हरिहरसारख्या खड्या पायऱ्या किंवा हाताने धरून चढायची जागा कुठेही नाही. या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, थोडी धाप लागते इतकेच.

बर्फाचे म्हणाल, तर हिवाळ्यात किती पडला यावर ते अवलंबून असते. जूनअखेरपर्यंत खिंडीजवळ बर्फाचे पट्टे असू शकतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाट बहुधा मोकळी असते, तरीही आदल्या संध्याकाळी रिफुजिओच्या व्यवस्थापकांना विचारावेच. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यामुळे त्याच व्हिसावर जाता येते आणि खिंडीत चौकीही नाही. मूळ पारपत्र मात्र जवळ असलेच पाहिजे, छायाप्रत चालत नाही.

उत्तर २ – काळा कातळ

झुरिककरांचे वर्णन अचूक आहे, पण त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तुम्ही एलेनातच राहावे, असे मी आग्रहाने सांगेन आणि त्याचे कारण माझी स्वतःची चूक आहे.

आम्ही चौघे बोनात्तीहून सकाळी आठनंतर निघालो, वाटेत छायाचित्रे काढत रमलो, एलेनात निवांत कॉफी घेतली आणि खिंडीच्या खालच्या उतारावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळी निरभ्र असलेले आकाश तासाभरात काळवंडले, गारा सुरू झाल्या आणि झाड नावाची वस्तू नसलेल्या त्या उघड्या उतारावर विजा आमच्या आसपास कडाडू लागल्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर धोका जवळ आहे असे मानतात. आम्ही पाचपर्यंतही मोजू शकत नव्हतो. आम्ही मागे वळून धावत एलेनाला परतलो आणि तेथे जमिनीवर पथाऱ्या टाकून रात्र काढली.

आपल्याकडे पावसात डोंगर चढणे हा आनंदाचा भाग असतो आणि भिजण्याची भीती कुणालाच नसते. आल्प्समध्ये तीच सवय घातक ठरते. उन्हाळ्यातील गडगडाटी वादळे तेथे बहुधा दुपारनंतर येतात आणि उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सहा-सात अंशांनी उतरत असल्याने ओल्या कपड्यांत अंग झपाट्याने गार पडते. शिवाय पायाखालचा दगडही वेगळा आहे. मों ब्लांचा गाभा ग्रॅनाइटचा असला, तरी ही खिंड त्याच्या कडेच्या मऊ, थरांच्या खडकाच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे पावसात एलेनाच्या बाजूची माती निसरडी होते. सह्याद्रीच्या बसाल्टवर बूट जसा रोवतो, तसा तेथे रोवेल असे समजू नये.

तुमच्या चालीने बोनात्तीहून खिंडीला पाच तास लागतील, एलेनाहून दोन. साडेसातला निघालात तर दहाच्या आत माथ्यावर असाल.

उत्तर ३ – माईंचा डबा

वाटेबद्दल वरील दोघांनी सांगितलेच आहे, म्हणून मी केवळ खाण्याबद्दल आणि रिफुजिओतल्या रीतीबद्दल लिहिते. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच तसे लिहून कळवावे आणि पोहोचल्यावर पुन्हा सांगावे, कारण भाज्यांचे दिसणारे सूप गोमांसाच्या पाण्यात केलेले असू शकते. पोलेंता म्हणजे मक्याच्या रव्याचा घट्ट पिठल्यासारखा प्रकार, तो पोटभरीचा असतो. त्यावर घातले जाणारे फोंतिना चीज मात्र वासराच्या जठरातील विरजणाने लावलेले असते, हे कडक शाकाहारी मंडळींना माहीत असावे. भारतातून युरोपीय संघात तूप किंवा इतर दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. शेंगदाण्याची चिक्की आणि भाजलेले फुटाणे मात्र खिशात असू द्यावेत, चढावर त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.

रात्री अंथरायला स्वतःची पातळ शिवलेली चादर लागते, बूट दाराशी काढून ठेवावे लागतात आणि दहाला दिवे मालवतात. रोख युरो जवळ ठेवावेत आणि खिंडीपलीकडे फ्रँक.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळा कातळ यांचा अनुभव वाचून पत्नीने एलेनाचा निर्णय तत्काळ जाहीर केला. पण बोनात्तीचे दृश्य पूर्णपणे सोडावे, हे मला जड जाते. तसेच त्या सकाळीच पाऊस असेल तर काय करावे, आणि उताराचे काय?

उत्तर ४ – झुरिककर

वादळाचा प्रसंग वाचल्यावर मी माझा सल्ला मागे घेतो. मी दोन्ही वेळा तिशीत होतो आणि एकटा होतो, हे लिहायला हवे होते. तुमची अडचण मात्र सहज सुटण्यासारखी आहे. आदली रात्र कुरमायोरच्या वरच्या बेर्तोने रिफुजिओत काढावी. तेथून बोनात्ती अडीच तासांवर आहे, म्हणजे दुपारचे जेवण ग्रांद जोरासच्या समोर बसून घ्यावे आणि मग आर्नुवामार्गे सायंकाळपूर्वी एलेनाला पोहोचावे. दोन्ही ठिकाणांचे आरक्षण आताच करावे.

खिंडीपासून ला फुलीपर्यंतचा उतार साडेनऊशे मीटरच्या आसपास आहे, परंतु स्विस बाजूची वाट रुंद आणि मंद उताराची असल्याने दोन काठ्या घेतल्यास गुडघ्यावर फार भार येत नाही. काठ्या उतरताना थोड्या लांब कराव्यात. मध्ये ला पल येथे गुरांचा गोठा आणि उपाहारगृह आहे, तेथे अर्धा तास पाय पसरून बसावे. गायी वासरांसह चरत असतील तर त्यांच्या मधून न जाता वळसा घालावा. वाले प्रांतातल्या त्या काळ्या एरँस गायी आपसांत झुंजण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. गुडघा फारच दुखला तर फेरे या वस्तीतून उन्हाळ्यात बस मिळते आणि शेवटचे चालणे वाचते.

पाऊस असेल तर खिंडीचा हट्ट धरू नये. एलेनाहून तासाभरात आर्नुवाला उतरावे, तेथून उन्हाळी बसने कुरमायोर, मों ब्लां बोगद्यातून बसने फ्रान्समधील शामोनी, मग रेल्वेने मार्तिन्यी आणि ऑर्सिएर, आणि तेथून बसने ला फुली. यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, पण मुक्कामाचे आरक्षण वाया जात नाही. विम्यात हेलिकॉप्टरने केलेली सुटका समाविष्ट आहे का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण स्वित्झर्लंडमध्ये तिचा खर्च ज्याची सुटका झाली त्याच्याकडूनच घेतात. दोन्ही देशांत मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो.

आर्नुवाच्या बसचे वेळापत्रक एलेनाला चढण्यापूर्वी, त्या थांब्यावरून जातानाच टिपून घ्यावे.