मदत हवी आहे: झपाटलेल्या रँचच्या जुन्या कॉमिक पट्ट्यांचं साल आणि क्रम

चौकटवाला:
अमेरिकन वर्तमानपत्रातून कापलेली ३१ कृष्णधवल कात्रणं आहेत. काउबॉय, ओसाड रँच, रात्री माळ्यावर हलणारा कंदील, बिथरलेली घोडी. शीर्षक सगळ्यांचंच कापलेलं. चौकटीच्या कोपऱ्यात ३-८, ३-१३, ४-१७ असे बारीक आकडे. तारीख म्हणावी तर तेरावा महिना कुठून आला? चौकटींमधल्या उभ्या ओळीत 'एनईए सर्व्हिस' आणि १९४ एवढंच वाचता येतं, शेवटचा आकडा पुसट आहे. क्रम कसा लावायचा? कागद घडीवर तुटतोय, लॅमिनेट करू का?

शाईचा डाग:
लॅमिनेशन अजिबात नको. एकदा केलं की सुटत नाही.

आकडे तारखाच आहेत, पण अमेरिकन रिवाजाने महिना आधी. ३-८ म्हणजे ८ मार्च. ही सिंडिकेटची, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेची तारीख; इथे ती संस्था एनईए. छोटी वर्तमानपत्रं कधी पट्टी उशिरा छापत, कधी गाळत. त्यामुळे मागच्या बातमीशी ती जुळली नाही तरी क्रम याच आकड्यांनी लावा.

एनईए आणि काउबॉय म्हटल्यावर पहिला संशय फ्रेड हार्मनच्या 'रेड रायडर'वर. त्याची रोजची पट्टी मार्च १९३९मध्ये सुरू झाली. डोक्याला पीस खोचलेला लिटल बीव्हर दिसला की खूण पटली. 'लोन रेंजर' आणि 'सिस्को किड' या काउबॉय पट्ट्या किंग फीचर्स या दुसऱ्या सिंडिकेटच्या, त्यामुळे त्या बाद.

१४ मार्चची पट्टी आहे का?

चौकटवाला:
नाही. ८ मार्च ते १७ एप्रिलमध्ये १४, २१, २८ मार्च आणि ४, ११ एप्रिल नाहीत. शिवाय १९, २५, ३० मार्च आणि ६, १५ एप्रिलही नाहीत. म्हणजे दहा गहाळ.

शाईचा डाग:
पाचच. पहिले पाच रविवार आहेत. रोजची पट्टी सोमवार ते शनिवार, रविवारचं रंगीत पान वेगळं. आणि इथेच साल सापडतं: चाळिशीच्या दशकात १४ मार्चला रविवार दोनदाच आला, १९४३ आणि १९४८ला.

आता कात्रणं उलटी करा. १ मार्च १९४३पासून अमेरिकेत डबाबंद अन्नावर पॉइंटचं रेशनिंग (पैशांसोबत रेशनचे पॉइंटही द्यायचे) सुरू झालं, २९ मार्चपासून मांस, लोणी आणि चीजवर. किराण्याच्या जाहिरातीत किमतीशेजारी पॉइंट छापलेले दिसले तर १९४३. मार्शल योजनेचा (युद्धानंतर युरोपला दिलेल्या अमेरिकन मदतीचा) उल्लेख दिसला तर १९४८. त्या कायद्यावर ३ एप्रिलला सही झाली. एकाच कात्रणावर विसंबू नका, चार-पाच तरी पाहा.

गहाळ पाच पट्ट्यांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह बघा, फुकट आहे. तिथे 'भूत' वगैरे शब्द शोधण्यात वेळ घालवू नका, फुग्यांतली हाताची अक्षरं मशीनला धड वाचता येत नाहीत. 'ॲली ऊप' किंवा 'कॅप्टन ईझी' या कॉमिक पट्ट्या छापणारी वर्तमानपत्रं आधी शोधा. त्याही एनईएच्याच, त्यामुळे त्याच पानावर आपली पट्टी सापडण्याची शक्यता बरीच. मग थेट तारखेने पानं उलटा, दोन-तीन दिवस पुढचीही.

कागदवेडा:
कागदाचं मी सांगतो. न्यूजप्रिंटमधल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) आम्ल तयार होतं, म्हणून तो पिवळा पडून ठिसूळ होतो. सेलोटेप, फेविकॉल, पीव्हीसीचे अल्बम तिन्ही टाळा. मऊ ब्रशने धूळ काढा, प्रत्येक पट्टी पॉलिएस्टरच्या पाकिटात आम्लमुक्त कागदाच्या आधारावर आडवी ठेवा. घडी उघडताना जोर लावू नका. सोडा वॉटरमध्ये मिल्क ऑफ मॅग्नेशिया घालून कात्रण भिजवायचा घरगुती उपाय बराच फिरतो. तुटक्या कागदावर तो करू नका, ओला न्यूजप्रिंट उचलतानाच फाटतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा, दमटपणात बुरशी आणि कसर दोन्ही येतात.

पण त्याआधी स्कॅन. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. पट्टीमागे काळा कार्डपेपर ठेवलात तर मागची छपाई पुढे उमटत नाही. स्कॅनरचं 'डिस्क्रीन' (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर बारीक रेषा पुसट होतात. फाइलचं नाव साल-महिना-दिवस असं द्या, म्हणजे क्रम आपोआप लागेल. साल पक्कं होईपर्यंत '१९४क्ष' चालेल.

चौकटवाला:
तीन कात्रणांच्या मागे हॅम आणि लोण्याच्या किमतीशेजारी पॉइंट छापलेले आहेत. तिन्ही एप्रिलची.