एमबीए आत्ताच नको
ताई, बंगळुरूतली फिनटेकची नोकरी दीड वर्षात गेली आणि तुमचा भाचा फोंड्याला परतला, त्यावर इथे कुणीतरी थेट एमबीए सुचवलंय. मला ते पटत नाही. फीचं कर्ज आत्ता डोक्यावर घेऊ नये. त्याने आधी मडगाव-पणजीतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात शिरावं, पगार कमी असला तरी. तिथे दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण भरायचं, २० पर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचं विवरण. मधे १४ ला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं विवरण येतं, ते खरेदीच्या नोंदींशी बिलागणिक ताडून बघायचं. पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर फोन करकरून त्याच्या मागे लागायचं, कारण तेवढं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. हे काम हाताखालून गेलेला मुलगा मुलाखतीत चाचरत नाही. मग वेर्ण्याच्या औषध कंपन्या आहेत, हॉटेलांचे अकाउंट्स विभाग आहेत. तिथे हंगामाच्या आधीच अर्ज टाकावा. नोकरकपात झाली हे बायोडेटात सरळ लिहावं, त्यात त्याचा काहीच दोष नाही!

आणि हो, याच आर्थिक वर्षात नवी नोकरी लागली तर जुना पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला कळवायला सांगा, नाहीतर रिटर्न भरताना कर एकदम अंगावर येतो. पीएफ शक्यतो काढू नये, जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) ट्रान्सफर करावा.